निम्मा दिवस जादा

पहाटे पावणेपाचला बार्शीची गाडी
मिरजेच्या स्टँडबाहेर सोडून गेली
मला आणि गोधडीत बांधलेल्या तानपुऱ्याला.
भोपळ्याला तडा, चांगला चार बोटांचा.
दस्तगीरभाई दुकान उघडणार दहाला.
मधे सव्वापाच तास
आणि डास.

लॉजच्या काउंटरवर बाबगोंडा
रजिस्टरवर गाल टेकून झोपलेला.
डोळे न उघडताच म्हणाला,
"खोली बाराला, मॅडम.
आत्ता पायजे असंल तर निम्मा दिवस जादा. चारशे."

बाकावर बसून हिशेब मांडला.
चारशे भागिले सव्वापाच, तासाला शहात्तर.
बारापर्यंतचा धरला तर पंचावन्न पडतो,
पण दहाला मी निघणार, मग वरचे दोन तास
झोपणार कोण?
शहात्तर रुपयांत माझ्याकडे मुली
अख्खा तास भूप गातात, बेसूर का होईना,
आणि इथे नुसती कूस बदलायला सव्वा रुपया.
बरं, झोप लागेलच असं कुणी लिहून देतं का?
पन्नाशीनंतर झोप ही
बोलावल्यावर येणाऱ्यातली नाही.
दुसऱ्या बाजूला कंबर.
कंबरेचं म्हणणं होतं, दे.

बाकाच्या टोकाला एक माणूस बसला होता.
पायाशी बादली, बादलीत स्टोव्ह, थर्मास,
एक्स-रेचा पिवळा लखोटा उभा खोचलेला.
"घ्या की," तो म्हणाला. "तीन नंबर. हवेशीर हाय.
पाणी सहाला येतंय, कडक. धा मिनिटात जातंय.
नळ डावीकडं फिरवायचा, उलटा बसवलाय."

तुम्हाला बरं माहीत?

"अकरा दिवस होतो.
रात्री दोनला सोडली."

मग बारापर्यंत तुमचीच की. पैसे भरलेत ना?

त्यानं थर्मासचं झाकण काढलं, परत लावलं.
"भरल्यात. पण आता
काय करायचं त्या खोलीत.
जतवरनं जीप निघालीय."

मी चारशे दिले.
एकच सकाळ दोनदा विकली जात होती
हे दिसत होतं मला. एरवी मी
कोथिंबिरीच्या जुडीलाही सोडत नाही.

तीन नंबर. दोन खाटा.
एक चुरगळलेली,
एकीवर चादर ताठ, कुणी निजलंच नाही अशी.
तानपुरा त्या ताठ खाटेवर आडवा केला.
खिडकीच्या गजावर हिरवं पोलकं वाळत होतं,
लहान मापाचं, काखेत ठिगळ.
हाताला सुकं लागलं.
घडी घातली. उलगडून परत नीट घातली.
खाली नेऊन दिलं.
त्यानं बघितलं नाही,
लखोट्यामागे सरकवलं.

मग मी बाकावरच बसले.
वर जायचं राहिलं.
बोललो म्हणाल तर नाही.
सहाला भिंतीतला पाइप धडधडला,
तेव्हा तेवढं म्हणाला, "आलं बगा पाणी."
दोघंही उठलो नाही.
सव्वासातला जीप आली.

दस्तगीरभाईंनी भोपळ्यावर टिचकी मारली,
कान लावला, पुन्हा मारली.
"बरं झालं लवकर आलात.
पुढच्या थंडीत दोन फाका झाल्या असत्या."

बहीण फोनवर ओरडली,
चारशे? आणि झोपलीस तरी का?
तानपुरा झोपला, म्हटलं.

सही करायची राहिली होती म्हणून परत गेले.
बाबगोंडानं माझ्या नावापुढे लिहिलं,
आगमन, दुपारी बारा.
"मालकांचा नियम हाय," म्हणाला,
आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.
वरच्या ओळीत, त्याच पेनानं:
खोली तीन. सोडली, दुपारी बारा.
इसम, दोन.